दोन फुटांचा पट

लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स नावाचं गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून दर शुक्रवारी फुलझाडांच्या आणि भाज्यांच्या बियाण्यांची पाकिटं टपालात पडत. एका पाकिटाची किंमत एक पेनी. शुक्रवारच का, तर शनिवारी अर्धा दिवस भरून घरी आलेल्या कामगाराच्या हाती पाकीट पडावं आणि त्याच दुपारी त्याला परसात बी पेरता यावं. हे गणित बसवणारे व्यापारी म्हणजे सॅम्युएल रायडर. धंद्याची भरभराट झाली, १९०५ मध्ये ते गावाचे महापौर झाले. पन्नाशीच्या सुमारास तब्येत ढासळली, मोकळ्या हवेची गरज भासू लागली आणि रायडर गोल्फकडे वळले. वळले ते असे की, एब मिचेल या त्या काळच्या नामांकित व्यावसायिक खेळाडूला त्यांनी पगार देऊन शिक्षक म्हणून ठेवून घेतलं.

त्या काळच्या ब्रिटनमध्ये व्यावसायिक गोल्फपटूचा मान क्लबच्या नोकरापेक्षा फारसा वेगळा नव्हता. सदस्यांना शिकवावं, त्यांच्या काठ्या दुरुस्त कराव्यात आणि क्लबहाऊसच्या पुढच्या दाराकडे फिरकू नये, अशी रीत होती. अमेरिकेचा वॉल्टर हेगन १९२० मध्ये डील इथं ब्रिटिश ओपन खेळायला आला, तेव्हा त्यालाही कपडे बदलायला आत जागा मिळाली नाही. त्यानं एक आलिशान मोटार भाड्यानं घेतली, क्लबहाऊससमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. हौशी खेळाडूंसाठी १९२२ पासून वॉकर कप होता. पोटासाठी खेळणाऱ्यांना मात्र देशाच्या नावानं खेळायची नियमित संधी नव्हती.

१९२६ मध्ये वेंटवर्थला ब्रिटन आणि अमेरिकेच्या व्यावसायिकांचा एक सामना झाला. ब्रिटननं तो १३½–१½ असा सहज जिंकला. प्रेक्षकांत रायडर होते. खेळ संपल्यावर दोन्हीकडचे खेळाडू चहाला एकत्र बसले, गप्पा रंगल्या आणि हे वारंवार घडायला हवं असं रायडर यांच्या मनानं घेतलं, अशी ‘रायडर कप’ या स्पर्धेची जन्मकथा सांगतात. त्यांनी पुढाकार घेऊन सतरा इंच उंचीचा सोन्याचा चषक घडवला. खर्च आला २५० पौंड. झाकणावर काठी घेऊन उभा असलेला छोटा पुतळा मिचेलचा. गंमत अशी की १९२७ मध्ये पहिला संघ अमेरिकेला निघाला, तेव्हा नेमका मिचेलच ॲपेंडिक्सच्या दुखण्यानं मागं राहिला. ‘ॲक्विटानिया’ बोटीनं गेलेल्या बाकीच्यांचा मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला ९½–२½ असा धुव्वा उडाला.

या स्पर्धेतली चुरस समजून घ्यायची तर तिची खेळण्याची पद्धत आधी ध्यानात घ्यावी लागते. व्यावसायिक गोल्फपटू एरवी वर्षभर मैदानाशी झुंजत असतो. चार दिवसांत सगळ्यांत कमी फटके मारणारा जिंकतो. रायडर कपमध्ये मात्र मॅचप्ले असतो. समोर एक माणूस किंवा एक जोडी असते आणि प्रत्येक होल ही स्वतंत्र लढाई असते. त्यात एक सवलत आहे. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू होलच्या अगदी जवळ थांबला, तर शेवटचा हलका फटका, म्हणजे पट, त्याला माफ करता येतो. ‘राहू दे’ म्हटलं की चेंडू होलमध्ये गेला असं धरतात. एकदा माफ केलेला पट परत मागता येत नाही आणि ज्याला माफ झाला त्याला तो नाकारताही येत नाही. मात्र किती अंतरावरचा पट माफ करावा, यावर नियमांत एक शब्दही नाही. समोरच्यानं काय करावं हे सर्वस्वी त्याच्या मनावर. त्यामुळे एका फुटाचा पटही मुद्दाम मारायला लावून प्रतिस्पर्ध्याला अस्वस्थ करता येतं. फुटबॉलमध्ये किंवा क्रिकेटमध्ये दिलदारी दाखवायला प्रसंग यावा लागतो. इथं तो जवळजवळ प्रत्येक होलवर येतो आणि प्रत्येक वेळी माणसाची परीक्षा होते.

सुरुवातीची वर्षं तशी सभ्यतेची होती. १९३३ मध्ये साउथपोर्टला शेवटचा सामना शेवटच्या हिरवळीवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, आला. अमेरिकेच्या डेन्स्मोर शूटनं जपून दोन पटांत होल पूर्ण केला असता, तर बरोबरी साधून, आधीचा विजेता म्हणून चषक अमेरिकेकडेच राहिला असता. कर्णधार हेगनला हे ठाऊक होतं. पण तो युवराजांशेजारी उभा होता, बोलणं अर्धवट टाकून शूटला सावध करायला जाणं त्याला प्रशस्त वाटलं नाही, अशी आठवण सांगतात. शूटनं धाडसी पट मारला, चेंडू होलच्या पुढं गेला, परतीचाही चुकला. सिड ईस्टरब्रुकनं आपला पट घातला आणि ब्रिटन ६½–५½ असा जिंकला.

मग महायुद्ध आलं. ते संपलं तेव्हा ब्रिटिश व्यावसायिकांच्या संघटनेकडे संघ अटलांटिकपार पाठवायला पैसेच नव्हते. स्पर्धा तिथंच संपायची. पण ओरेगनमधले फळांचे व्यापारी रॉबर्ट हडसन पुढं आले. ब्रिटिश संघाच्या प्रवासाचा खर्च त्यांनी उचलला, न्यूयॉर्कला पाहुण्यांचं स्वागत केलं आणि रेल्वेनं अख्खा देश ओलांडून त्यांना पोर्टलंडला नेलं. तिथं पाहुणे ११–१ असे हरले तो भाग वेगळा. ब्रिटिश कर्णधार हेन्री कॉटननं सामन्यांआधी अमेरिकी काठ्यांची तपासणी मागितली होती. त्यांत नियमाविरुद्ध काही सापडलं नाही. अमेरिकेच्या बेन होगननं याची परतफेड दोन वर्षांनी केली. मोटार अपघातातून जेमतेम वाचलेला होगन १९४९ मध्ये गँटनला न खेळणारा कर्णधार म्हणून आला आणि काही ब्रिटिश काठ्यांच्या पात्यांवरच्या खाचांना त्यानं हरकत घेतली. निवाडा बर्नार्ड डार्विन यांच्याकडे गेला. डार्विन म्हणजे उत्क्रांतिवाल्या चार्ल्स डार्विनचे नातू, गोल्फवर लिहिणारे थोर लेखक. थोडी कानस चालवली की झालं, असं म्हणून त्यांनी वाद मिटवला आणि सामन्यांच्या आदल्या रात्री त्या पात्यांवर खरोखरच कानस चालवली गेली. त्याच दौऱ्यात अमेरिकी संघानं खाण्यासाठी मांस बरोबर आणलं होतं. ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू होतं. उपाशी यजमानांच्या देशात भरलेली पेटी घेऊन येणारे पाहुणे, असं वर्तमानपत्रांनी ते रंगवलं.

या सगळ्या काळात निकाल मात्र एकाच बाजूला झुकत होते. १९२७ ते १९७७ दरम्यान झालेल्या २२ स्पर्धांपैकी १८ अमेरिकेनं जिंकल्या. ब्रिटनच्या वाट्याला १९२९, १९३३ आणि १९५७ हे तीन विजय आले. उरलेली एक बरोबरी झाली, ती १९६९ मध्ये रॉयल बर्कडेलला.

बर्कडेलची सुरुवात खेळाला न शोभणारी होती. ब्रिटिश कर्णधार एरिक ब्राऊननं आपल्या खेळाडूंना बजावलं की अमेरिकी खेळाडूचा चेंडू उंच गवतात हरवला तर शोधायला मदत करायची नाही. नियमानं यात गैर काही नाही, पण पिढ्यान्पिढ्या पाळलेली रीत मोडली. अमेरिकेच्या केन स्टिल आणि डेव्ह हिल यांची ब्रायन हगेट आणि बर्नार्ड गॅलाकर यांच्याशी गाठ पडली तेव्हा भांडण इतकं पेटलं की आपल्या पाळीआधी कुणी पट मारला यावरून शिव्याशापांपर्यंत मजल गेली. खेळ मात्र विलक्षण अटीतटीचा झाला. शेवटच्या दुपारी ३२ पैकी एकतिसाव्या गुणाचा हिशेब लागला तेव्हा फलक १५½–१५½ होता. मैदानात एकच जोडी उरली होती: जॅक निकलॉस आणि टोनी जॅकलिन.

निकलॉसच्या नावावर तोवर सात मोठी विजेतेपदं होती, पण अमेरिकी संघटनेच्या सदस्यत्वाच्या नियमांमुळे रायडर कप तो पहिल्यांदाच खेळत होता. पंचवीस वर्षांच्या जॅकलिननं दोनच महिन्यांपूर्वी ब्रिटिश ओपन जिंकली होती. १९५१ नंतर ती जिंकणारा तो पहिलाच ब्रिटिश खेळाडू. अख्खा देश त्याच्यावर जीव टाकत होता. त्याच सकाळी त्यानं निकलॉसला एकेरीत हरवलंही होतं. दुपारी सतराव्या होलला तो एकनं मागं होता. तिथं त्यानं हिरवळीच्या एका टोकापासून लांबलचक पट मारला, तो थेट आत गेला आणि बरोबरी झाली. अठराव्याच्या वाटेवर निकलॉसनं त्याला गाठून विचारलं, छातीत धडधडतंय का? जॅकलिन म्हणाला, पार गर्भगळीत झालोय. निकलॉस म्हणाला, माझीही तीच गत आहे.

अठराव्या हिरवळीवर दोघांचेही चेंडू दोन फटक्यांत पोचले. जॅकलिनचा पट होलच्या अलीकडे साधारण दोन फुटांवर थांबला. निकलॉसचा जोरात गेला, चार-पाच फूट पुढं. आता निकलॉसचा परतीचा पट चुकला आणि जॅकलिननं आपला घातला, तर चषक ब्रिटनचा. निकलॉसनं वेळ घेतला, वाकला, पट आत घातला. मग होलमधून आपला चेंडू काढता काढता त्यानं हात पुढं केला आणि जॅकलिनच्या चेंडूची खूण म्हणून ठेवलेलं नाणं उचललं. तुझा पट चुकला असता असं मला वाटत नाही, पण या घडीला तुला चुकायची संधी मी देणारच नव्हतो, अशा अर्थाचं तो बोलला. १६–१६. इतिहासातली पहिली बरोबरी.

अमेरिकी कर्णधार सॅम स्नीड भडकला. संघातल्या काहींनाही ते पटलं नाही. इथवर येऊन जिंकायला आलो होतो, दान करायला नाही, असा त्यांचा सूर होता. आधीचा विजेता म्हणून बरोबरीतही चषक अमेरिकेकडेच राहणार होता, तेव्हा यात कसला त्याग, असंही पुढं म्हटलं गेलं. हा आक्षेप वरवरचा आहे. बरोबरी आणि विजय यांत खेळाडूच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचं अंतर असतं आणि त्या दडपणाखाली दोन फुटांचे पट रोज चुकतात. तो पट चुकला असता तर जॅकलिनच्या नावापुढं ते आयुष्यभर चिकटलं असतं. ब्रिटनला अठरा वर्षांनी सापडलेला नायक देशाला हरवणारा ठरला असता. निकलॉसनं विचार केला तो याचा, आणि तेही स्वतःचा पट घालून आपल्या देशाचं काम पुरं केल्यानंतर. खेळातली खरी दिलदारी हीच. ती चुरस सोडून देत नाही. चुरस शेवटच्या इंचापर्यंत लढवते आणि त्यापुढं माणसाला चिरडायचं नाकारते.

पुढचं पाऊलही निकलॉसचंच. सत्तरच्या दशकात अमेरिका इतकी सहज जिंकू लागली की खुद्द अमेरिकी प्रेक्षकांना या स्पर्धेत रस उरला नाही. १९७७ मध्ये निकलॉसनं ब्रिटिश संघटनेचे अध्यक्ष लॉर्ड डर्बी यांच्याशी बोलणं केलं, मग पत्र लिहिलं: संघात युरोपातले खेळाडू घ्या, नाहीतर या स्पर्धेत जीव राहणार नाही. जिंकणाऱ्या बाजूचा सर्वांत मोठा खेळाडू प्रतिस्पर्धी बळकट करा म्हणून विनवत होता. १९७९ मध्ये सेव्हे बायेस्तेरोस आणि अँतोनिओ गॅरिदो हे दोन स्पॅनिश खेळाडू संघात आले. १९८५ मध्ये युरोपनं चषक जिंकला, कर्णधार जॅकलिन. १९८७ मध्ये ओहायोतल्या म्युअरफील्ड व्हिलेजला अमेरिका स्वतःच्या भूमीवर पहिल्यांदा हरली. ते मैदान निकलॉसनं आखलेलं होतं आणि अमेरिकेचा कर्णधारही तोच होता. हडसन यांनी पैसे दिले नसते आणि निकलॉसनं पत्र लिहिलं नसतं, तर रायडर यांचा सोन्याचा चषक आज कुठल्यातरी कपाटात असता. ही स्पर्धा जगवली ती जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांची चिंता वाहिली म्हणून.

युरोप तुल्यबळ झाला आणि चुरशीबरोबर कडवटपणाही वाढला. १९९१ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या किआवा बेटावर अमेरिकेच्या कोरी पेव्हिननं आखाती युद्धातल्या सैनिकांसारखी टोपी घातली. स्थानिक रेडिओवाल्यानं भल्या पहाटे युरोपीय खेळाडूंच्या हॉटेलात फोन लावून त्यांची झोपमोड करायची मोहीम चालवली. शेवटच्या हिरवळीवर जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरचा सहा फुटांचा पट चुकला आणि युरोप एका गुणानं हरला. लँगरनं पुढच्याच आठवड्यात मायदेशी स्पर्धा जिंकून दाखवली.

त्याहून वाईट १९९९ मध्ये बॉस्टनजवळ ब्रुकलाइनला झालं. युरोप १०–६ असा पुढं होता. रविवारी एकेरीत अमेरिकेनं मुसंडी मारली. जस्टिन लेनर्ड होसे मारिया ओलाथाबालविरुद्ध सात होल उरले असताना चारनं मागं होता. त्यानं बरोबरी साधली आणि सतराव्या होलवर सुमारे ४५ फुटांचा पट घातला. त्यासरशी अमेरिकी खेळाडू, त्यांच्या बायका, कॅडी, सगळे हिरवळीवर धावत सुटले. ओलाथाबालचा पट अजून बाकी होता. पंचवीसेक फुटांचा तो पट आत गेला असता तर होल बरोबरीत सुटला असता. तो एका बाजूला उभा राहिला, गोंधळ निवळेपर्यंत वाट पाहिली, पट मारला, चुकला. अठरावा होल त्यानं जिंकला, पण तोवर चषक गेला होता. अमेरिकी कर्णधार बेन क्रेनशॉला माफी मागावी लागली.

त्याच दुपारी मागच्या सामन्यात पेन स्टुअर्ट आणि कॉलिन माँटगॉमेरी खेळत होते. दिवसभर प्रेक्षकांतून माँटगॉमेरीवर इतकी घाणेरडी शेरेबाजी झाली की त्याचे वडील मैदान सोडून निघून गेले. शेरेबाजांना बाहेर काढा, असं स्टुअर्टनंच सुरक्षारक्षकांना सांगितलं. अठराव्या हिरवळीवर दोघं आले तेव्हा चषकाचा निकाल लागलेला होता. स्टुअर्टनं माँटगॉमेरीचा पट माफ केला, म्हणजे सामना स्वतः हरला. महिन्याभरात, २५ ऑक्टोबरला, विमान अपघातात तो गेला. ब्रुकलाइनच्या हिरवळीवरची ती धावपळ सगळ्यांना आठवते. स्टुअर्टची ही कृती तेवढीच आठवली जायला हवी.

स्त्रियांच्या सॉलहाइम कपनंही हे ताण अनुभवले आहेत. २०१५ मध्ये जर्मनीत सेंट लिऑन-रॉट इथं अमेरिकेच्या ॲलिसन लीनं आपला पट माफ झाला असं समजून चेंडू उचलला. आम्ही माफ केलाच नव्हता, असं नॉर्वेच्या सुझान पीटरसननं सांगितलं. नियम तिच्या बाजूनं होता, होल युरोपला मिळाला. पण चिडलेल्या अमेरिकी संघानं १०–६ अशी पिछाडी भरून काढून चषकच नेला. दुसऱ्या दिवशी पीटरसननं जाहीर माफी मागितली.

त्यानंतर महिन्याभरातच कोरियात इंचॉनला प्रेसिडेंट्स कप झाला. यात अमेरिकेसमोर युरोप सोडून बाकीच्या जगाचा संघ असतो. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी त्यात खेळणारा पहिला भारतीय. मैदान निकलॉसच्याच नावाचं. एकेरीत शेवटच्या होलवर ख्रिस कर्कनं पंधराएक फुटांवरून पट घातला आणि लाहिरीसमोर बरोबरीसाठी जेमतेम चार-पाच फूट उरले. इतक्या अंतराचा पट तिथं कुणी माफ करत नाही, करूही नये. लाहिरीचा पट होलला चाटून गेला. अमेरिका १५½–१४½ अशी जिंकली. लाहिरीचा अर्धा गुण मिळाला असता तर बरोबरी होती. जॅकलिनला ज्यातून वाचवलं गेलं, ते लाहिरीच्या वाट्याला पुरेपूर आलं. दोन वर्षांनी न्यूयॉर्कजवळ लिबर्टी नॅशनलला त्यानं कोरियाच्या किम सी-वूबरोबर शनिवारचा शेवटचा सामना जिंकला आणि अमेरिकेला एक दिवस आधीच चषक उचलू दिला नाही.

प्रेसिडेंट्स कपमध्येच निकलॉसला पुन्हा एकदा निर्णय घ्यावा लागला. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत फॅनकोर्टला १७–१७ अशी बरोबरी झाली. कोंडी फोडायला टायगर वुड्स आणि एर्नी एल्स तीन जादा होल खेळले, तरी फरक पडेना आणि अंधार दाटला. अमेरिकेचा कर्णधार निकलॉस आणि समोरचा गॅरी प्लेअर यांनी मैदानातच ठरवलं की चषक दोघांचा. बर्कडेलला ३४ वर्षं झाली होती.

अलीकडचं चित्र मिश्र आहे. २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळ बेथपेजला युरोप १५–१३ असा जिंकला, पण रोरी मॅकलरॉयला दिवसदिवस शिवीगाळ सोसावी लागली. त्याच्या पत्नीच्या अंगावर पेय फेकलं गेलं, आणि प्रेक्षकांना चेतवायला नेमलेली निवेदिकाच एका शिवराळ घोषणेत सामील झाल्यामुळे तिला पायउतार व्हावं लागलं. गोल्फनं याहून वरचा दर्जा राखला पाहिजे, असं मॅकलरॉय नंतर बोलला. एका तिकिटाला सुमारे ७५० डॉलर मोजून आलेल्या गर्दीनं हे केलं. मैदानातल्या खेळाडूंनी मात्र पट माफ करण्याची, टोपी काढून हस्तांदोलनाची रीत सोडली नव्हती. पुढची स्पर्धा २०२७ मध्ये आयर्लंडमधल्या ॲडेअर मॅनरला आहे, वुस्टरच्या पहिल्या सामन्याला तेव्हा शंभर वर्षं होतील. घरची गर्दी युरोपच्या बाजूनं असेल आणि बेथपेजचं उट्टं काढायचा मोह तिला नक्कीच होईल. पहिल्या शेऱ्यालाच माणूस दोरीबाहेर काढायची तयारी आयोजकांनी आतापासून ठेवली पाहिजे. ब्रुकलाइनला ते काम स्टुअर्टला करावं लागलं होतं, ते पुन्हा कुठल्या खेळाडूवर यायला नको.